सायटेशनचा रकाना

पदोन्नतीच्या फाईली आणि नॅकचे, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठीचे, अहवाल तयार करण्याचे दिवस आले की महाविद्यालयातल्या प्राध्यापकांची पावले ग्रंथालयाकडे वळू लागतात. स्कोपस ही संशोधन लेखांची जागतिक सूची उघडून एच-इंडेक्स हा आकडा पाहून देणे, गुगल स्कॉलरवरचे प्रोफाइल नीट लावून देणे, कोणत्या पेपरला किती सायटेशन मिळाली, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत त्याचा संदर्भ किती वेळा दिला, याचा तक्ता काढून त्यावर सही-शिक्का करणे हे काम आता ग्रंथपालाकडे आले आहे, आणि सोलापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ते मी करते. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचवणे हे आमचे मूळ काम. कोणाचे लिखाण कोणी वाचले आणि पुढे कोणी आधाराला घेतले याचा माग काढणे त्यापासून फार दूरचे नाही, म्हणून मी ते मनापासून करते. मला अस्वस्थ करतो तो त्या तक्त्याचा शेवटचा रकाना. तिथे सगळ्या विषयांच्या प्राध्यापकांचे आकडे एकाखाली एक येतात, आणि तसे लिहिलेले आकडे पाहणारा माणूस त्यांची तुलना केल्याशिवाय राहत नाही.

एका दुपारी रसायनशास्त्राचे एक सर आणि मराठीच्या एक मॅडम पाठोपाठ आले. सरांचे काम थिन फिल्मवरचे, म्हणजे पदार्थांच्या अतिपातळ थरांवरचे. बहुतेक पेपर सहा-सात जणांनी मिळून लिहिलेले, काहींत परदेशातल्या प्रयोगशाळांतले सहकारी. स्कोपसवर त्यांचे नाव टाकताच वर्षागणिक चढत गेलेला आलेख उमटला. मॅडमनी पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या भागांत गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या आहेत. बाईने एकच ओवी दोनदा म्हटली आणि दुसऱ्या वेळी शब्द बदलला तर दोन्ही पाठ वेगवेगळ्या शाईने टिपून ठेवलेल्या त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्या ओव्यांवर त्यांचा एक ग्रंथ आहे आणि मराठी नियतकालिकांतून आलेले लेख आहेत. त्यांच्या नावाने शोध घेतला तेव्हा असा लेखक सापडला नाही, एवढेच उत्तर आले. “मग माझ्या रकान्यात काय लिहायचं, मॅडम?” असे त्यांनी सरळ विचारले. नमुन्यात अशा जागी ‘निरंक’ लिहिण्याची पद्धत आहे. ते लिहायला माझा हात धजला नाही, आणि त्याऐवजी काय लिहावे हे ठरवण्यासाठी या आकड्यांच्या मुळाशी जाणे भाग पडले.

सायटेशन मोजण्याची कल्पना माग काढण्याच्या गरजेतूनच आली आहे. अमेरिकेत वकिलांसाठी एकोणिसाव्या शतकापासून अशी एक सूची होती की एखाद्या निकालाचा आधार पुढच्या कोणकोणत्या निकालांत घेतला गेला आणि तो निकाल अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे तिच्यावरून कळावे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून तीच रीत विज्ञानाला लावता येईल असे सुचवले, आणि पुढे १९६४ मध्ये फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची ग्रंथालयांत येऊ लागली. लेखाच्या शेवटी दिलेल्या संदर्भांवरून मागे जाण्याची वाट पूर्वीपासून होतीच. या सूचीने त्याच लेखावरून पुढे येण्याची वाट करून दिली. आजही एखादी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी जुना पेपर घेऊन येते, त्याला सायट करणाऱ्या पेपरांची यादी मी तिला काढून देते, आणि तासाभरात तिच्या विषयात गेल्या वीस वर्षांत काय काय झाले ते तिच्यापुढे उलगडते. आपल्या लिखाणात दुसऱ्याचे किती आहे हे नावानिशी सांगणे ही तर आपल्याकडेही फार जुनी गोष्ट आहे. व्यासांचा मागोवा घेत आणि भाष्यकारांना वाट पुसत आपण चाललो, असे ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी सांगितलेच आहे. सायटेशनवर माझा राग मुळीच नाही. उलट, ज्या संशोधनात संदर्भ नीट दिलेले नसतात ते मला उचलून वाचावेसेही वाटत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचा जन्मही याच सूचीच्या कामात झाला. सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत आणि पुढे ग्रंथालयांनी कोणत्यांची वर्गणी भरावी हे ठरवायला एखादे साधे माप हवे होते. नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी जेवढी सायटेशन मिळाली त्यांना त्या लेखांच्या संख्येने भागायचे, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर निघतो. हे माप नियतकालिकाचे आहे. त्यात छापलेल्या एकेका लेखाबद्दल ते जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण एकाच अंकातल्या दोन-चार लेखांना भरघोस सायटेशन मिळतात आणि बाकीच्यांना तुरळक, अशीच सर्वत्र स्थिती असते. व्यक्तीसाठीचे माप २००५ मध्ये आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. ज्याच्या दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन आहेत आणि अकराव्याची मात्र अकरा भरत नाहीत, त्याचा एच-इंडेक्स दहा. एकच पेपर गाजलेला आणि बाकी सगळे दुर्लक्षित, किंवा पेपर ढीगभर पण वाचलेला एकही नाही, या दोन्ही टोकांना त्यामुळे आळा बसतो, आणि तेवढ्यापुरती ही युक्ती खरोखर चतुर आहे.

पण हर्श यांचा तो मूळ लेख आमच्याकडच्या छाननी समित्यांनी एकदा तरी वाचावा असे मला फार वाटते. त्यांनी त्यात भौतिकशास्त्रज्ञांचे आकडे दिले आहेत आणि त्यांत सर्वांत वर एडवर्ड विटन यांचा ११० हा आकडा आहे. त्याच लेखात पुढे जीवशास्त्रातल्या संशोधकांचे आकडे आहेत आणि तिथे सॉलोमन स्नायडर १९१ वर आहेत. जीवशास्त्रात हे आकडे मुळातच मोठे असतात आणि विषयाविषयांत हा फरक राहणार, हे हर्श यांनी तिथेच स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे हे माप एका विषयावरून उचलून दुसऱ्यावर ठेवू नये ही सूचना त्या मापाबरोबरच जन्माला आली होती. आमच्या तक्त्यात रकाना आला, सूचना तेवढी वाटेत कुठेतरी गळाली.

फरक का पडतो, याची कारणे प्रत्येक विषयाच्या रोजच्या कामकाजात सापडतात. गणिताचा लेख पंधरा-वीस संदर्भांवर भागतो, जीवशास्त्राचा पन्नास-साठ संदर्भांशिवाय पुरा होत नाही. जिथे देणाऱ्यांचे हात सढळ, तिथे घेणाऱ्यांच्या पदरात जास्त पडणार. रसायनशास्त्रात दोन वर्षांपूर्वीचा पेपर जुना वाटू लागतो, इतिहासात चाळीस वर्षांपूर्वीचा ग्रंथ अजून टेबलावर असतो, आणि इम्पॅक्ट फॅक्टरची खिडकी मात्र दोघांसाठी दोनच वर्षांची. लेखकांच्या संख्येचा फरक तर थक्क करणारा आहे. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या दोन मोठ्या प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर जो पेपर छापला त्याला ५,१५४ लेखक होते. एकूण ३३ पानांपैकी संशोधन ९ पानांत होते आणि उरलेली २४ पाने लेखकांची नावे आणि त्यांच्या संस्था यांनी भरली होती. ते काम तितक्या माणसांशिवाय झालेच नसते, यात शंका नाही. पण त्या प्रत्येकाच्या नावावर तो पेपर आणि त्याची सगळी सायटेशन पूर्णपणे जमा होतात, आणि आमच्या मराठीच्या मॅडम एकट्याने जाते घरघरत असताना बायकांशेजारी बसून लिहितात.

एकाच विषयाच्या आतसुद्धा सायटेशनचा अर्थ एक नसतो. सगळ्यांत जास्त सायटेशन मिळालेला पेपर म्हणून जो ओळखला जातो तो ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५१ चा, प्रथिने मोजण्याच्या रीतीवरचा. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशन असलेल्या शंभर पेपरांची यादी केली तेव्हा त्याची संख्या तीन लाखांच्या पुढे गेलेली होती. सोलापुरात बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने परीक्षानळीत लॉरी मेथडचा तो निळा रंग उतरताना पाहिलेला आहे. त्या शंभरांच्या यादीत वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा पेपर मात्र नव्हता. त्यांचा शोध इतका सर्वांचा झाला की तो वापरताना त्यांचा मूळ पेपर सायट करण्याची कोणाला गरज वाटेनाशी झाली. रीत सांगणारा पेपर वापराच्या प्रत्येक वेळी सायट होतो आणि दृष्टी देणारा पेपर पाठ्यपुस्तकात मुरून जातो. दोघांची थोरवी एका आकड्यात कशी बसवायची?

आता आमच्या फाईलीकडे येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत गुणांचा तक्ता आहे. वरवर पाहता तो भाषांच्या बाजूचा वाटतो: विज्ञानातल्या एका पेपरला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांतल्या पेपरला १०. खालची ओळ वाचली की चित्र बदलते. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर जसा चढेल तसे अधिकचे गुण मिळत जातात. १ पेक्षा कमी असला तरी १०, २ ते ५ या टप्प्यात २०, आणि १० च्या वर असला तर ३०. मराठी संशोधनाची नियतकालिके या मोजणीतच नाहीत, त्यामुळे त्या ओळीतले बहुतेक टप्पे मराठीच्या, कन्नडच्या, उर्दूच्या प्राध्यापकाला आयुष्यात कधी दिसत नाहीत. सोलापूरसारख्या शहरात ही गोष्ट जास्त बोचते. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा रस्त्यावर ऐकू येतात, सिद्धरामेश्वरांची वचने मूळ कन्नडातून वाचणारे अभ्यासक इथे आहेत, विणकर वस्त्यांतली तेलुगू लोकगीते गोळा करणारे आहेत, आणि त्यांच्या लेखनाला जी भाषा शोभते तीच भाषा जागतिक सूचींना जवळजवळ परकी आहे.

आकड्याला पगार आणि पद जोडले की काय होते, तेही आम्ही ग्रंथालयातल्या लोकांनी जवळून पाहिले आहे. २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक पेपर छापून येणे सक्तीचे होते. प्रबंधाची मुदत संपत आलेली मुले मोबाइलवर आलेले संदेश दाखवायची: पैसे भरा, चार दिवसांत पेपर छापून मिळेल, प्रमाणपत्रासकट. कुठल्याशा नियतकालिकाने आमच्या एका विद्यार्थ्याचा पेपर पैसे घेऊन छापला, आणि काही महिन्यांनी ते संकेतस्थळच दिसेनासे झाले. त्याचे काम चांगले होते. दुसऱ्या कोणी ते शोधायला गेले तर आता ते मिळणार नाही, याचे मला आजही वाईट वाटते. आयोगाने २०१८ मध्ये स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आणली, २०२२ मध्ये पीएच.डी.साठीची पेपरची सक्ती उठवली आणि २०२५ मध्ये ‘केअर’ यादीही बंद केली. सक्ती उठली हे फार बरे झाले. पण याद्या आल्या आणि गेल्या तरी फाईलीतला रकाना तसाच आहे, आणि मुलांना अजून पहिला प्रश्न पडतो तो कुठे छापायचे हा. कशावर लिहायचे हे नंतर येते.

मॅडमच्या प्रश्नाचे उत्तर मला पंढरपूरच्या अभ्यासातून मिळत गेले. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातले, आणि वारीवर व विठ्ठलावर झालेले संशोधन आमच्या ग्रंथालयात एका कपाटाच्या दोन फळ्या भरून आहे. त्यात इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख आहे. मुळात मराठीत लिहिलेला हा लेख १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये इंग्रजीत आला. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांना चालता चालता उमगलेली व्याख्या मानववंशशास्त्रातल्या, धर्माच्या अभ्यासातल्या आणि भूगोलातल्या माणसांनी पुन्हा पुन्हा आधाराला घेतली. त्या लेखात ना आकडे, ना तक्ते. दिंडीत एकत्र चालूनही जेवायला वेगवेगळ्या पंगतींना बसणाऱ्या बायकांचे दुःख त्यात आहे. साठ वर्षे उलटून गेली तरी तो लेख सायट होतो. दोन वर्षांच्या खिडकीतून तो कधीच कोणाला दिसला नसता.

दुसरे उदाहरण रा. चिं. ढेरे यांचे. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा त्यांचा ग्रंथ १९८४ मध्ये आला आणि १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विठ्ठल हा मुळात गवळी-धनगरांचा देव असावा, हे त्यांनी मराठी, संस्कृत, कन्नड आणि तेलुगू साधने, शिलालेख, स्थळपुराणे आणि लोककथा यांचा अक्षरशः चाळणीने शोध घेऊन मांडले. या ग्रंथाच्या आधाराशिवाय मराठीत विठ्ठलावर लिहिणे तेव्हापासून कोणालाच शक्य झालेले नाही. ॲन फेल्डहाऊस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डकडून २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या सत्तावीस वर्षांत मराठी प्रबंधांतून, परिसंवादांतून, दिवाळी अंकांतून ज्यांनी ज्यांनी ढेऱ्यांचा आधार घेतला त्यांच्या तळटिपा कुठल्याही यंत्राने मोजल्या नाहीत, कारण त्या प्रबंधांच्या प्रती विद्यापीठाच्या कपाटांत होत्या आणि नियतकालिके सूचीबाहेर. ढेऱ्यांचे श्रेष्ठत्व अनुवादाने सिद्ध केले असे म्हणणे हा त्या सगळ्या मराठी वाचकांवर अन्याय होईल. अनुवादाने एवढेच केले की मोजणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात तो ग्रंथ आला.

हे पाहिल्यावर मी मॅडमच्या फाईलीला एक स्वतंत्र पुरवणी जोडली. त्यांच्या ग्रंथाचा आधार कोणत्या प्रबंधात, कोणत्या लेखात, कोणत्या पानावर घेतला आहे, आणि तो कौतुकापुरता आहे की त्यांच्या पाठावर पुढे कोणी काम केले आहे, हे मी हाताने शोधून लिहिले. हे काम वेळखाऊ आहे. एका प्रबंधाची संदर्भसूची चाळायची, त्यात ग्रंथाचे नाव सापडले की मग आतली प्रकरणे वाचून तळटीप नेमकी कशासाठी आहे ते पाहायचे. एका प्रबंधात ओव्यांमधल्या नात्यांच्या उल्लेखांवर सबंध प्रकरण होते आणि त्याचा पाया मॅडमनी टिपलेले दोन पाठ हाच होता. असे वाचल्यावर जे कळते ते आकड्यातून कळत नाही. आता आमच्या ग्रंथालयात भाषा आणि इतिहास विभागांसाठी अशी नोंदवही कायमची ठेवली आहे, आणि तिच्यात पाने भरत आहेत.

छापील शब्दाच्याही बाहेर जाणारे संशोधन या जिल्ह्यात पुष्कळ आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडून काढलेली मालदांडी ३५-१ ही गेल्या शतकाच्या पूर्वार्धातली. पाऊस संपल्यावर काळ्या जमिनीत जी ओल शिल्लक राहते तिच्यावर हे रब्बीचे पीक येते. दाणा टपोरा, भाकरी पांढरी, वर जनावरांना कडबा. त्यानंतर कितीतरी नवे वाण आले, तरी मंगळवेढ्याच्या शिवारात आजही मालदांडीच डुलते, आणि तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पिढ्यान्‌पिढ्या पेरले गेलेल्या संशोधनाला कोणते सायटेशन द्यायचे? केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ चे. तिथले शास्त्रज्ञ पेपर लिहितात आणि ते सायटही होतात. पण सांगोल्याच्या शेतकऱ्याकडे पोहोचते ती मराठी घडीपत्रिका, ज्यात तेल्या रोगाचे डाग पानावर कसे दिसतात, बागेला विश्रांती किती द्यायची, छाटणीनंतर बोर्डो मिश्रण कधी मारायचे हे लिहिलेले असते. डाळिंबाचा सौदा कॅरेटवर होतो आणि ज्वारीचा क्विंटलवर, आणि बाजार समितीत त्याचे कोणाला काही वाटत नाही. तेल्यावरचा पेपर आणि तेल्यावरची घडीपत्रिका यांच्यासाठी दोन मापे ठेवायला विद्येच्या क्षेत्रात एवढी अडचण का यावी, हे मला कळत नाही.

अडचण ओळखणारे लोक जगभर आहेत. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी असे जाहीर आवाहन तयार केले की व्यक्तीच्या कामाचे मोल नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरवू नये. संशोधनाच्या मोजमापावरच्या २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यात दहा तत्त्वे आहेत आणि त्यांतली दोन मला आमच्या ग्रंथालयाच्या दारावर लावावीशी वाटतात: विषयाविषयांतला फरक लक्षात घ्या, आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा. आकडे वापरायचेच असतील तर त्यांतल्या त्यात न्याय्य रीतही उपलब्ध आहे. फिलिप्पो रादिक्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की पेपरला मिळालेल्या सायटेशनना त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या पेपरांच्या सरासरीने भागले तर वेगवेगळ्या विषयांचे आलेख जवळजवळ एकमेकांवर बसतात. साधा भागाकार आहे; आमच्या महाविद्यालयातल्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला मी तो करून दाखवला तेव्हा रसायनशास्त्र आणि गणित यांच्यातली दरी बरीचशी भरून आली. गणिताच्या सरांच्या मोजक्या पेपरांकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले गेले. जिथे सूचीच अपुरी आहे, त्या मराठीसाठी हा भागाकार चालत नाही, हेही मी तिथे सांगितले.

पण हा उपाय दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी येऊन थांबतो, आणि म्हणून त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. आपण मराठी वाचक त्यांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ओळखतो. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ चा. व्यवसायाने ते गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी जुन्या चांदीच्या नाण्यांची वजने घेऊन, चलनात फिरताना नाणे किती झिजते याचा संख्याशास्त्रीय हिशेब मांडला आणि त्यावरून इतिहासाची कालगणना तपासली. त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, १९४८ मध्ये. यादृच्छिक फलनांना मांडण्याची जी रीत पुढे अभियांत्रिकीत कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने रूढ झाली ती त्यांनी १९४३ मध्येच एका भारतीय गणिती नियतकालिकात मांडली होती. आता त्या नावाच्या आधी कोसंबींचेही नाव काही जण जोडू लागले आहेत. मधली कित्येक वर्षे ते श्रेय दुसऱ्यांच्या खात्यावर जमा होत राहिले.

आणि १९४४ मध्ये, पुण्यात गणित शिकवत असताना, त्यांनी आनुवंशशास्त्रावर जेमतेम चार पानांचा एक लेख लिहिला. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे ती संततीत किती वेळा वेगळी होतात यावरून ठरवतात. जे. बी. एस. हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात असे गृहीत होते की गुणसूत्राचा एका जागी सांधेबदल झाला, म्हणजे जोडीच्या गुणसूत्रांनी तिथे तुकड्यांची अदलाबदल केली, तरी शेजारच्या सांधेबदलावर त्याचा परिणाम होत नाही. प्रत्यक्षात होतो: एका जागी सांधेबदल झाला की अगदी लगतच्या जागी तो होण्याची शक्यता घटते. कोसंबींनी हा अडथळा धरून नवे सूत्र दिले. पिकांचे जनुकीय नकाशे काढणाऱ्या संगणक-प्रणालींत आज अंतरासाठी पर्याय विचारला जातो तेव्हा हाल्डेन आणि कोसंबी ही दोन नावे समोर येतात, आणि वनस्पतींवर काम करणारे बहुतेक जण दुसरे निवडतात. तांदूळ, गहू, कापूस अशा कितीतरी पिकांच्या पेपरांतून त्या चार पानांना आजही सायटेशन मिळत आहेत.

त्या सायटेशनना कोणत्या विषयाच्या सरासरीने भागायचे? लेखक गणिताचा, लेख आनुवंशशास्त्राचा, सायट करणारे शेतीचे, आणि त्याच माणसाच्या इतिहासग्रंथांना सायट करणारे समाजशास्त्राचे आणि पुरातत्त्वाचे. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढला तर त्यात जनुकीय नकाशांचा वाटा फुगून दिसेल आणि इतिहासाचा आक्रसेल. वेगळे काढले तर त्यांच्या नाण्यांच्या अभ्यासातले संख्याशास्त्र आणि इतिहास यांची जी गाठ आहे तीच तुटेल. कोसंबींच्या नावासमोर मला एच-इंडेक्स लिहायला सांगितला तर मी तो काढून देईन, कारण ते माझे काम आहे. पण त्याखाली वेगवेगळ्या विषयांतल्या त्यांच्या लेखांची यादी जोडल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही.

मालदांडीचाही उपयोग रब्बी ज्वारीच्या जनुकीय अभ्यासात जनक वाण म्हणून झाला आहे, आणि असे नकाशे सहसा कोसंबींच्या सूत्राने मोजलेल्या अंतरांवरच उभे असतात. असा पेपर उघडला की शेवटच्या संदर्भसूचीत ‘कोसंबी, १९४४’ असे लिहिलेले आढळते, आणि एका चार पानी लेखाला आणखी एक सायटेशन मिळते. मोहोळला उन्हातान्हात कणसे पारखून ज्यांनी ही ज्वारी निवडली त्यांचा उल्लेख त्याच पेपरात बियाण्याच्या परिच्छेदात, बहुधा ‘एम ३५-१’ एवढ्या अक्षरांत, वाणाचे नाव म्हणून येतो.